बेन्झोएटचे प्रकरण : हार्वी वायली आणि सरकारी प्रयोगशाळेला विचारलेला अपुरा प्रश्न

१५ मार्च १९१२ रोजी अमेरिकेच्या कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ हार्वी वॉशिंग्टन वायली यांनी राजीनामा दिला. एप्रिल १८८३ पासून ते त्या पदावर होते. ज्या अन्न व औषध कायद्यासाठी त्यांनी उमेदीची वर्षे खर्ची घातली, तो होऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. त्यांच्या कार्यालयावर ठेवलेल्या आर्थिक अनियमिततेच्या ठपक्यातून राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी त्यांना आदल्या वर्षीच मोकळे केले होते. कायदा त्यांच्या प्रयत्नाने झालेला, लोक त्यांच्या बाजूने, चौकशीतही ते निर्दोष, आणि तरीही ते गेले. याचे कारण शोधायचे तर अन्न टिकवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या सोडियम बेन्झोएट या साध्या पांढऱ्या पुडीचा माग काढावा लागतो.

हे प्रकरण निवडण्याचे कारण सांगतो. सरकारी रसायनशास्त्रज्ञाचे काम नमुना तपासून आकडा देणे एवढेच असते, असे आपण धरून चालतो. पण आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मागितला आहे, यावरच त्या आकड्याचे भवितव्य ठरते. वायलींच्या कारकिर्दीत हे जितके उघडपणे दिसते, तितके क्वचितच दिसत असेल.

माणूस आणि त्याची विद्या

वायलींचा जन्म १८४४ मध्ये इंडियाना राज्यातल्या केंट गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. वडील धर्मोपदेश करणारे आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. यादवी युद्धात थोडा काळ सैन्यात काढून वायलींनी पदवी घेतली, मग वैद्यकाची पदवी मिळवली, पण ओढ रसायनशास्त्राकडे होती. १८७४ मध्ये नव्याने सुरू झालेल्या पर्ड्यू विद्यापीठात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि इंडियाना राज्याचे रसायनशास्त्रज्ञही.

१८७८ मध्ये ते जर्मनीला गेले. पुढच्या सगळ्या लढ्याचे बी तिथे पडले, असे मला वाटते. बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात त्यांनी ध्रुवणमापी वापरायला शिकून घेतला. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश पाठवला की त्याचे प्रतल वळते. कोणती साखर किती आणि कोणत्या दिशेला वळवते, हे ठरलेले असते. मधात फळशर्करा जास्त असल्याने तो सहसा प्रकाश डावीकडे वळवतो. मक्याच्या स्टार्चपासून केलेला ग्लुकोजचा पाक मात्र जोरात उजवीकडे वळवतो. म्हणजे मधात पाक मिसळला असेल तर ते जिभेला कळणार नाही, पण उपकरण सांगेल. परत आल्यावर राज्याच्या आरोग्य मंडळासाठी त्यांनी मध आणि पाकांचे नमुने तपासले, आणि त्यातले बरेचसे भेसळीचे निघाले.

या टप्प्यावरची त्यांची भूमिका नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ग्लुकोजचा पाक विषारी आहे, असे त्यांनी म्हटले नाही. तो खुशाल विका, पण मध म्हणून विकू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांची तक्रार फसवणुकीबद्दल होती आणि ती सिद्ध करायला एक नळी आणि एक अंशांकित चकती पुरेशी होती.

वॉशिंग्टनला आल्यावर पहिली काही वर्षे ज्वारीवर्गातल्या गोड धाटांपासून साखर काढण्याच्या प्रयोगांत गेली. पण १८८४ मध्येच त्यांनी एका पायाभूत कामात हात घातला. एकाच खताच्या नमुन्याचे दोन रसायनशास्त्रज्ञ दोन वेगळे आकडे देत असत, आणि मग न्यायालयात दोन्ही फुकट जात. पृथक्करणाच्या पद्धती सर्वांसाठी एकसारख्या ठरवण्यासाठी सरकारी कृषी रसायनशास्त्रज्ञांची जी संघटना त्या वर्षी उभी राहिली, तिच्या संस्थापकांत वायली होते. १८८७ पासून त्यांच्या विभागाने अन्नातील भेसळीवर ‘बुलेटिन १३’ भागाभागाने काढायला सुरुवात केली. दुधाचे पदार्थ, मसाले, चरबी, बेकिंग पावडर, चहा-कॉफी, डबाबंद भाज्या असा एकेक विषय घेऊन बाजारातल्या मालात काय काय घातले जाते, याची जंत्रीच त्यात आहे. ती वाचताना वायलींचा खरा बाणा दिसतो. नमुना आणायचा, तपासायचा, छापायचा.

जेवणाचे टेबल

विसाव्या शतकाच्या तोंडावर प्रश्नाचे रूप बदलले. शहरे वाढली, अन्न लांबून येऊ लागले, आणि ते टिकावे म्हणून त्यात रसायने पडू लागली. मांसात बोरॅक्स म्हणजे टाकणखार, दुधात फॉर्माल्डिहाइड, सुक्या फळांत सल्फाइट, वाटाणे हिरवेगार दिसावेत म्हणून मोरचूद. इथे ध्रुवणमापी काही सांगू शकत नव्हता. रसायन आहे हे सिद्ध करणे सोपे होते, पण ते खाणाऱ्याचे काय करते, हे कोणालाच नीट माहीत नव्हते.

१९०२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, या अभ्यासासाठी ५,००० डॉलर मंजूर केले. वायलींनी कार्यालयाच्या तळघरात स्वयंपाकघर आणि भोजनगृह थाटले आणि १२ तरुण स्वयंसेवक निवडले. बहुतेक खात्यातलेच कर्मचारी. तिन्ही वेळचे जेवण तिथेच घ्यायचे, बाहेरचे काही खायचे नाही, अशी लेखी हमी त्यांनी दिली होती. मोबदला म्हणजे फुकट जेवण, बाकी काही नाही. जेवणाचा प्रत्येक घास तोलला जाई, वजन-ताप-नाडी नोंदली जाई, आणि मल-मूत्र गोळा करून त्याचे पृथक्करण होई. आधी काही दिवस शुद्ध जेवण, मग रसायनासह, मग पुन्हा शुद्ध. वृत्तपत्रांनी त्यांचे नाव ‘पॉयझन स्क्वॉड’ ठेवले आणि देशभर त्यांच्यावर गाणी-विनोद झाले.

सुरुवातीला बोरॅक्स लोण्यात लपवले होते. थोड्याच दिवसांत तरुण लोणी टाळू लागले. दुसऱ्या पदार्थात घातले तर तोही ताटात राहू लागला. शेवटी लपवणे सोडून कॅप्सूलमधून उघडपणे द्यावे लागले. या एका बदलाने प्रयोगाची बाजू कायमची लंगडी झाली. आता प्रत्येकाला ठाऊक होते की आपण काय गिळतो आहोत. त्यानंतर कोणी भूक गेली, डोके जड झाले असे सांगितले, तर त्यात रसायन किती आणि धास्ती किती, हे वेगळे काढता येईना. वेगळा तुलनागटही नव्हता. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या दिवसांशी होती.

तरीही बोरॅक्सचा निष्कर्ष मला पटण्यासारखा वाटतो. मात्रा वाढवत गेले तशी भूक मंदावत गेली आणि पोटाच्या तक्रारी वाढल्या, हा क्रम अनेकांत सारखा दिसला. रोज अर्धा ग्रॅमसुद्धा दीर्घकाळ घेणे सामान्य माणसाला जास्त होते, असे १९०४ च्या अहवालात वायलींनी लिहिले. पुढे सॅलिसिलिक आम्ल, सल्फाइट, बेन्झोएट आणि फॉर्माल्डिहाइड अशा पाळ्या झाल्या.

या काही वर्षांत वायली आतून बदलले. आधी त्यांना मालावरच्या चिठ्ठीवर खरे लिहिले की पुरेसे वाटत असे. आता डोळ्यांसमोर धडधाकट तरुण आजारी पडताना पाहिल्यावर ते म्हणू लागले की ही रसायने अन्नात असूच नयेत. धडधाकटांची ही गत, तर लहान मुले, म्हातारे आणि आजाऱ्यांचे काय, हा त्यांचा युक्तिवाद होता. माणूस म्हणून हा बदल मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत आदरणीय वाटतो. पण त्याच बदलाने त्यांना अशा जागी आणून उभे केले, जिथे त्यांचा पुरावा त्यांच्या खात्रीपेक्षा दुबळा होता.

कायदा आणि त्यातली कलमे

स्त्रियांच्या संघटनांनी रेटलेली मागणी, राज्यांच्या अन्न अधिकाऱ्यांचा पाठिंबा आणि शिकागोच्या मांस कारखान्यांबद्दल उसळलेला संताप, या सगळ्यांतून ३० जून १९०६ रोजी अन्न व औषध कायद्यावर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची सही झाली. १ जानेवारी १९०७ पासून अंमल सुरू झाला. नमुने तपासण्याचे काम वायलींच्या रसायन कार्यालयाकडे आले.

भेसळ कशाला म्हणायचे, हे कायद्यात अनेक कलमांनी सांगितले होते. त्यातली तीन इथे महत्त्वाची आहेत. एक, मालाचा खराबपणा किंवा हलका दर्जा झाकला जाईल अशी मिसळ वा रंगरंगोटी केली असेल तर. दोन, आरोग्याला अपाय करू शकेल असा विषारी किंवा अन्य घातक घटक वरून घातला असेल तर. तीन, माल कुजलेल्या किंवा घाणेरड्या वनस्पतिज वा प्राणिज पदार्थांचा असेल तर. वायलींनी सार्वजनिक लढाई दुसऱ्या कलमावर लढली.

केचपची बाटली

बेन्झोएटवरून इतका गदारोळ का झाला, हे समजायला त्या काळचे केचप पाहावे लागते. टोमॅटो डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत साली, देठाकडचे कडक भाग, किडके तुकडे असा ढीग उरे. त्याचा लगदा पिंपांत भरून ठेवत आणि सवडीने केचप करत. असा लगदा आंबल्याशिवाय राहत नाही. थोडे बेन्झोएट घातले की आंबणे थांबते. आम्लयुक्त पदार्थात ते फारच परिणामकारक आहे, आणि स्वस्तही.

कारखानदारांचा युक्तिवाद हुशारीचा होता. बेन्झोइक आम्ल क्रॅनबेरीत निसर्गतःच असते, मग निसर्गाने घातलेले चालते आणि आम्ही घातलेले का चालत नाही? शरीर त्याचे काय करते, हेही माहीत होते. ते ग्लायसीन या शरीरातल्या अमिनो आम्लाशी जोडले जाऊन हिप्युरिक आम्ल बनते आणि लघवीवाटे निघून जाते. वायलींचे उत्तर होते की ते बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर विनाकारण पडते, आणि दिवसभरात दहा पदार्थांतून थोडे थोडे पोटात गेले की बेरीज मोठी होते. उत्तर चुकीचे नव्हते, पण ती मोठी बेरीज दाखवणारे मोजमाप त्यांच्याकडे नव्हते. कायद्यानुसार ०.१ टक्का मर्यादा तात्पुरती ठरली होती. त्या हिशोबाने अर्धा ग्रॅम बेन्झोएट पोटात जायला अर्धा किलो केचप खावे लागेल.

दरम्यान हाइन्झ कंपनीने बेन्झोएटशिवाय टिकणारे केचप बाजारात आणले होते. वायलींच्या कार्यालयासाठी काम करणारे आर्व्हिल बिटिंग यांनी प्रयोग करून १९०९ मध्ये हेच छापले. पक्के निरोगी टोमॅटो, स्वच्छ कारखाना, जास्त साखर आणि व्हिनेगर असेल तर रसायनाची गरजच पडत नाही. या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा माझ्या मते हा आहे. बेन्झोएट घातक आहे की नाही याबद्दल तो काही म्हणत नाही. ते कशासाठी घातले जाते, हे मात्र तो स्पष्ट सांगतो.

व्हाइट हाऊसमधली बैठक

जानेवारी १९०८ मध्ये अन्न कारखानदारांचे शिष्टमंडळ रूझवेल्ट यांच्याकडे गेले. वायलींनाही बोलावले होते. वायलींनी पुढे स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकतीप्रमाणे, बेन्झोएटच्या मुद्द्यावर राष्ट्राध्यक्ष त्यांच्या बाजूने झुकलेले होते. मग एका कारखानदाराने सॅकरिनचा विषय काढला. मक्याच्या डब्यात साखरेऐवजी सॅकरिन घालून हजारो डॉलर वाचतात, असे तो म्हणाला. वायली न विचारता मध्येच बोलले की गिऱ्हाईक साखर समजून दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले, पोषणमूल्य नसलेले आणि अपायकारक द्रव्य खात होते. रूझवेल्ट यांचे डॉक्टर त्यांना रोज सॅकरिन देत असत. रूझवेल्ट भडकले, आणि सॅकरिनला अपायकारक म्हणणारा मूर्ख आहे, असे तिथल्या तिथे सुनावले.

लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. पण वायलींच्या वाक्याची घडण पाहा. गिऱ्हाइकाची फसवणूक होते, हा त्यांचा पहिला मुद्दा होता आणि तो निर्विवाद होता. तिथेच थांबले असते तर राष्ट्राध्यक्षांना रागवायला जागा नव्हती. शेवटचा ‘अपायकारक’ हा शब्द त्यांनी त्याच खात्रीने जोडला, आणि सगळी चर्चा त्या शब्दावर जाऊन बसली.

त्यानंतर लवकरच रूझवेल्ट यांनी तज्ज्ञांचे पंच मंडळ नेमले. अध्यक्ष होते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे आयरा रेमसेन. त्यांच्याच प्रयोगशाळेत १८७९ मध्ये सॅकरिनचा शोध लागला होता. येल विद्यापीठाचे रसेल चिटेंडन हेही मंडळात होते.

दोन प्रयोग आणि न विचारलेला प्रश्न

पंच मंडळाने बेन्झोएटचा अहवाल जानेवारी १९०९ मध्ये दिला. रोज अर्ध्या ग्रॅमपर्यंत अपाय नाही, आणि ४ ग्रॅमपर्यंत देऊनही प्रकृतीवर वाईट परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष होता. मार्चमध्ये बेन्झोएट घालायला रीतसर परवानगी मिळाली. फक्त चिठ्ठीवर प्रमाण लिहायचे. ऑगस्टमध्ये डेन्व्हरला राज्यांच्या अन्न अधिकाऱ्यांच्या अधिवेशनात वायलींची बाजू मतदानात हरली.

मंडळाचे प्रयोग जास्त काटेकोर होते, हे मान्य करायला हवे. आज आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्याशीही त्यांचा निष्कर्ष जुळतो. पण त्यांनीही प्रयोग केले ते निरोगी तरुणांवरच. धडधाकट माणूस आजारी पडला तर अशक्त माणसाची काळजी वाटणे रास्त आहे. धडधाकट आजारी पडला नाही म्हणून अशक्तही सुरक्षित, असे मात्र त्यातून निघत नाही. वायलींचा तर्क एका दिशेने बरोबर होता. मंडळाचा निष्कर्ष वाचणाऱ्यांनी तो उलट्या दिशेने चालवला.

आणखी मोठी गोष्ट म्हणजे मंडळाला विचारले काय, ही. हे रसायन आरोग्याला अपाय करते का, एवढेच विचारले गेले. ते आवश्यक आहे का, ते घातल्याने कोणता माल विकणे शक्य होते, हे कोणीही विचारले नाही. पंचांनी विचारलेल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दिले, आणि ते उत्तर न विचारलेल्या प्रश्नांचेही उत्तर म्हणून वापरले गेले.

वायलींच्याच कार्यालयाच्या सूक्ष्मदर्शक विभागात याच वेळी बर्टन हॉवर्ड केचपकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. केचपचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, दृष्टिक्षेत्रे तपासायची, आणि किती टक्के क्षेत्रांत बुरशीचे तंतू दिसतात ते मोजायचे. टोमॅटो कुजके असतील तर उकळून, गाळून, मसाला घालूनही ते तंतू नाहीसे होत नाहीत. ही पद्धत १९११ मध्ये प्रसिद्ध झाली. बेन्झोएट कशासाठी लागते, हे ती थेट उघड करत होती, आणि कुजक्या मालाच्या कलमाखाली खटला भरायला तिच्यात कोणाच्याही मूत्रपिंडाची साक्ष लागत नव्हती. वायलींनी आपली सगळी लोकप्रियता या बाजूला लावली असती तर, असे मला राहून राहून वाटते. केचपमध्ये नेमके काय आहे, हा इंडियानातल्या मधासारखाच प्रश्न होता, आणि त्यात त्यांना कोणी हरवू शकले नसते.

शेवटची वर्षे

१९०७ पासूनच अंमलबजावणीचे निर्णय तिघांचे मंडळ घेत होते. वायली, सहायक रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक डनलॅप आणि खात्याचे कायदा सल्लागार जॉर्ज मॅकेब. वायली वारंवार दोनास एक असे हरत. कृषी सचिव जेम्स विल्सन यांचाही विश्वास उडाला होता. मिश्र व्हिस्कीला ‘नकली’ म्हणायचे की नाही, या वादातही १९०९ मध्ये टॅफ्ट यांचा निर्णय त्यांच्याविरुद्ध गेला. कोका-कोलामधल्या कॅफिनविरुद्धचा खटला १९११ मध्ये चट्टनूगाला पहिल्याच न्यायालयात फेटाळला गेला. या लढाया सारख्या तोलाच्या नव्हत्या. बोरॅक्स, बेन्झोएट, सॅकरिन, कॅफिन आणि व्हिस्की या सगळ्यांबद्दल एकाच खात्रीने बोलल्याने जिथे पुरावा मजबूत होता तिथलेही वजन घटले.

१९११ मध्ये वनौषधितज्ज्ञ हेन्री रस्बी यांना कार्यालयाने कबूल केलेले मानधन कायद्याच्या मर्यादेत बसत नाही, अशी तक्रार झाली आणि वायलींना जायला सांगावे अशी शिफारस वरपर्यंत गेली. लोकांमधून मोठा विरोध झाला, काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, आणि टॅफ्ट यांनी त्यांना दोषमुक्त केले. पण कोणत्या मालावर खटला भरायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हाती परत आला नाही. सहा महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. पुढे १९३० पर्यंत त्यांनी एका गृहोपयोगी मासिकाची प्रयोगशाळा आणि स्तंभ सांभाळला. ३० जून १९३० रोजी, कायद्यावर सही झाल्याला बरोबर २४ वर्षे झाली त्या दिवशी, ते वारले.

शंकेचा फायदा

वायलींनी पद सोडल्यावर त्यांचा मूळ प्रश्न न्यायालयांत पोहोचला. १९१४ मध्ये पीठ रसायनाने पांढरे करण्याच्या (ब्लीचिंगच्या) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वरून घातलेला घटक विषारी आहे, एवढे पुरेसे नाही. त्या प्रमाणात तो पदार्थ अपाय करू शकतो, हे सरकारने दाखवले पाहिजे. अपाय होईलच, हे मात्र दाखवायची गरज नाही. म्हणजे सिद्ध करण्याची जबाबदारी रसायनशास्त्रज्ञाच्याच गळ्यात राहिली, जरा सैल होऊन.

ती विकणाऱ्याकडे गेली १९५८ मध्ये. त्या वर्षीच्या दुरुस्तीने नवे द्रव्य अन्नात घालण्याआधी ते सुरक्षित असल्याचे उत्पादकाने दाखवायचे, असे ठरले. तळघरातल्या टेबलावरून वायली जे मागत होते त्याच्या हे बरेच जवळ आहे. जी द्रव्ये तज्ज्ञ सर्वसाधारणपणे सुरक्षित मानतात, ती या अटीतून वगळली गेली. त्या यादीत सोडियम बेन्झोएटही आहे, आणि त्याची मर्यादा आजही ०.१ टक्काच आहे.